कारकुनांचा इतिहासकार

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव हे भिवंडी तालुक्यातील गाव. या तालुक्यात भातखाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि लोहमार्गांच्या व महामार्गांच्या प्रकल्पांसाठी जमिनी संपादित होऊ लागल्या. जमिनीला मोल आले की सातबाऱ्यालाही मोल येते, आणि त्यावरील एका ओळीने एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरते. ही ओळ लिहितो तो तलाठी. सरकारने आता त्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले आहे. परंतु त्याने घेतलेली फेरफाराची नोंद दुसऱ्या अधिकाऱ्याने, बहुधा मंडल अधिकाऱ्याने, प्रमाणित केल्यावाचून पक्की होत नाही. लिहिणारा हात एक आणि तपासणारा हात दुसरा, हेच शेतकऱ्याचे खरे संरक्षण होय.

हे तत्त्व इंग्रजांनी प्रथम आणले, असा एक समज आहे. तो दूर करणारा अभ्यासक महाराष्ट्राबाहेरचा होता, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. सुरेंद्रनाथ सेन यांचा जन्म १८९० मधला, पूर्व बंगालमधील बारिसालकडचा. मराठी कागद वाचता यावेत म्हणून त्यांनी मराठी आत्मसात केली. १९२० मध्ये सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावरील त्यांचा ग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने काढला. पुण्याचे पेशवे दफ्तर त्या वेळी संशोधकांना मोकळे नव्हते. छापून निघालेल्या रोजनिशींतील उतारे, राजवाडे आदींनी प्रसिद्ध केलेली पत्रे आणि एल्फिन्स्टनचा अहवाल, एवढ्याच सामग्रीवर सेन यांना काम भागवावे लागले. लढाया आणि तह यांत रमलेल्या इतिहासलेखनाला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : स्वार मोहिमेवर गेल्यावर मागे राज्य कोण चालवीत होते?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना हुजूर दफ्तरातील कारकुनांत, मामलेदारांत आणि विशेषतः दरखदारांत सापडले. मामलेदार हा परगण्यातील बडा अंमलदार; तथापि त्याच्या कचेरीतील दिवाण, मुजुमदार, फडणीस हे दरखदार त्याचे नोकर नव्हते. त्यांची नेमणूक हुजुरातून होई. त्यांना दूर करण्याचा किंवा ठरलेल्या कामाखेरीज दुसरे काम सांगण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची सही लागे. हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून जाऊन मग फडणिसाकडे येई. शिवाय मामलेदाराचा जमाखर्च देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहिला जाई. सारांश, वरिष्ठाच्या खोट्या हिशेबावर सही नाकारली तरी कनिष्ठाची भाकरी जात नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दरख वंशपरंपरेने चालू लागले, तेव्हा ज्या स्थैर्याने कारकुनाला निर्भय करावयाचे त्यानेच त्याला वतनदार बनविले. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने देण्याची रीत बोकाळली. जास्त बोली लावणाऱ्याच्या हाती परगणा आला आणि त्याने आपली रक्कम रयतेकडून वसूल केली. पदांची जुनी नावे राहिली, पण त्यांचा धाक गेला. तपासणारा हात थांबला की राज्य पोकळ होते, आणि ही पोकळी तोफेच्या आवाजापूर्वी दफ्तरात दिसू लागते.

हाच अनुभव विसाव्या शतकात जर्मनीसारख्या प्रगत राष्ट्रालाही आला. आजन्म नोकरीची हमी आणि कायद्याशी निष्ठा यांबद्दल तेथील नोकरशाहीला अभिमान होता. ७ एप्रिल १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने एक कायदा केला. त्याचे नाव नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचे. काम मात्र ज्यू आणि विरोधी मतांच्या कर्मचाऱ्यांना काढून टाकण्याचे. हान्स मॉमसेन यांनी १९६६ मध्ये हिटलरी राजवटीतील नोकरशाहीवर ग्रंथ लिहिला. आपले स्थान टिकेल या आशेने जे अधिकारी गप्प राहिले, त्यांच्या हातून तेही सुटत गेले, हे त्या कागदपत्रांवरून दिसते. पुण्याची इजारदारी आणि बर्लिनची हुकूमशाही यांची तुलना करणे अर्थातच वेडेपणाचे ठरेल. परंतु ‘नाही’ म्हणणाऱ्या कारकुनाला संरक्षण नसेल तर नियमांचे पुस्तक रद्दीच्या मोलाचे होते, हा निष्कर्ष दोन्हीकडे एकच आहे.

सेन यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्धही याच सूत्राने बांधलेला आहे. १९३९ मध्ये ते हिंदुस्थान सरकारच्या अभिलेख विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तेथील कागद संशोधकांसाठी खुले होऊ लागले आणि १९४७ पर्यंत १९०२ पूर्वीचे सर्व कागद उपलब्ध झाले. अभिलेखांची निगा राखण्याचे शिक्षण देणारा वर्ग १९४१ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्रीय अभिलेखागाराचे पहिले संचालक आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याने बंद दफ्तराच्या दाराबाहेर राहून कारकुनांचा इतिहास लिहिला, त्याच्याच हातून दुसऱ्या एका दफ्तराचे दार उघडले गेले.

त्यांच्या मागून वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेचा, अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकालीन महाराष्ट्राचा आणि जपानच्या हिरोशी फुकाझावा यांनी दख्खनच्या ग्रामव्यवस्थेचा मोलाचा अभ्यास केला. असे असले तरी मराठी वाचकाच्या मनात सरदाराला जी जागा आहे, ती फडणिसाला अजून मिळालेली नाही. त्यातही नाना फडणीस आठवतात ते मुत्सद्दी म्हणून, हिशेब तपासणारे म्हणून नव्हे.

आज सातबारा संगणकावर आला आहे आणि त्यामुळे हेलपाटे कमी झाले, हे मान्य करावयास हवे. परंतु यंत्र नोंद जपते. ती खरी की खोटी, हे माणसालाच सांगावे लागते. खारबावसारख्या गावात एका गुंठ्यासाठी लाखोंची उलाढाल होत असताना, खोटी नोंद प्रमाणित करण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्याची दुसऱ्याच दिवशी बदली होणार असेल, तर दोन हातांची ही व्यवस्था केवळ दोन सह्यांपुरती उरेल. त्या अधिकाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, यावरच गावातील जमिनीचे आणि राज्याच्या प्रतिष्ठेचेही भवितव्य अवलंबून आहे.