एका तोळ्यात लाख माणसं

जळगावच्या सराफ बाजारात तोळा म्हणजे आता 10 ग्रॅम. थायरॉइडच्या गोळीतलं नुसतं औषध, म्हणजे थायरॉक्सिन, त्या काट्यावर तोळाभर तोलून घेतलं, तर रोजच्या 100 मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं ते एक लाख माणसांना दिवसभर पुरेल. एकट्यानं घेतलं तर सुमारे पावणेतीनशे वर्षं. 2011च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे मिळून जवळपास 63 लाख लोक होते. तान्ह्या पोरांसकट सगळ्यांना ही गोळी दिली (द्यायची अर्थातच नाही!) तरी दिवसाला 63 तोळेच लागतील. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या लग्नात याहून जास्त सोनं मिरवतं.

गोळी दिसते ती भरीच्या पिठामुळे. औषध त्यात असून नसल्यासारखं. पण त्या 100 मायक्रोग्रॅममध्ये रेणू किती? 77वर 15 शून्यं. शरीरातल्या अंदाजे 37 लाख कोटी पेशींना ते वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला रोज दोनेक हजार येतात. एडवर्ड केंडॉलनं 1914च्या नाताळात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हे द्रव्य पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं. पुढे डुकरांच्या तीन टन ग्रंथींमधून त्याच्या हाती लागलं जेमतेम 33 ग्रॅम.

म्हणूनच डोस 75वरून 100 मायक्रोग्रॅमवर जाणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. फरक एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग, पण डोस जास्त झाला तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. घामही येतो. पण मे महिन्यात पारा 45च्या घरात असताना तो औषधाचा की उन्हाचा, हे भुसावळच्या माणसानं कसं ओळखावं? रक्ततपासणीतला टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा तर याहून उतावळा. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं झालं की तो साधारण शंभरपट चढतो.

औषध मात्र संथ. रक्तातलं निम्मं संपायला सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर आठवड्याला निम्मा परिणाम, दोन आठवड्यांनी पाऊण, पाचव्याच्या शेवटी 97 टक्के. डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणीला बोलावतात ते यासाठी. चौथ्या दिवशी रक्त देऊन आलेला रिपोर्ट जुन्याच डोसची गोष्ट सांगतो. छातीत दुखलं किंवा ठोके बेताल झाले, तर मात्र तारखेची वाट पाहायची नाही.

खरा घोळ शेजारच्या गोळ्यांचा. 500 मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे थायरॉक्सिनच्या पाच हजारपट वजन. दोन्ही एकदम घेतली की कॅल्शियम पोटातच औषधाला धरून ठेवतं. लोहाचंही तसंच. म्हणून मध्ये चार तासांचं अंतर. ते पाळलं नाही की टीएसएच वाढतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. मग एक दिवस कॅल्शियमची बाटली संपते, आणि गोळी तीच, डोस तोच असताना धडधड सुरू होते. 'गोळी सोसत नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला आधी बंद झालेल्या गोळ्यांबद्दल विचारावं, असं मला वाटतं.

केसांसाठीचं बायोटिन तर रिपोर्टच फिरवतं. रोजची गरज 30 मायक्रोग्रॅम, बाजारातल्या गोळीत 10,000. काही प्रयोगशाळांच्या चाचण्या बायोटिनवरच बेतलेल्या असतात. तिथे टीएसएच खोटाच कमी आणि थायरॉक्सिन खोटंच जास्त दिसतं, म्हणजे हुबेहूब डोस जास्त झाल्यासारखं. त्यावर विसंबून डोस कमी केला, तर बरा चाललेला माणूस पुन्हा सुस्तावतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात. मात्रा मोठी असेल तर आणखी जास्त.