चेंडूची साक्ष

9 ऑक्टोबर 1934. डेट्रॉइटच्या मैदानात वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना चालला होता आणि यजमान टायगर्सची पार धूळधाण उडाली होती. सहाव्या इनिंगमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सचा ज्यो मेडविक घसरत तिसऱ्या बेसवर आला तो थेट तिथल्या मार्व्ह ओवेनच्या अंगावर. दोघांची जुंपली. मेडविक पुढे क्षेत्ररक्षणाला लेफ्ट फील्डला गेला, तर प्रेक्षकांनी त्याच्यावर फळे, भाज्या, बाटल्या, हाताला लागेल ते भिरकावले. मैदान साफ करावे की पुन्हा मारा सुरू. अखेर बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी दोघांना समोर बोलावून घेतले आणि मेडविकलाच सामन्यातून बाहेर काढले, त्याच्याच सुरक्षिततेसाठी. कार्डिनल्स 11-0 असे जिंकले. इतिहासात ओवेनचे नाव उरले ते या राड्यापुरते.

जुन्या सह्यांचे चेंडू जमवणाऱ्यांकडे मात्र ओवेनचे नाव आदराने घेतले जाते. 12 जून 1939 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या गावात बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचे उद्घाटन झाले. त्या दिवशीच्या प्रदर्शनीय सामन्यासाठी अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगच्या सोळाही संघांनी दोन-दोन खेळाडू पाठवले होते आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून आलेल्यांत ओवेन होता. हॉलमध्ये तोवर निवडले गेलेले आणि हयात असलेले अकराही जण हजर होते: बेब रूथ, टाय कॉब, होनस वॅग्नर, साय यंग, वॉल्टर जॉन्सन, ट्रिस स्पीकर, नॅप लाजोई, एडी कॉलिन्स, जॉर्ज सिसलर, ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर आणि कॉनी मॅक. कॉब उशिरा पोहोचला, म्हणून त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रात दहाच चेहरे दिसतात. त्या दिवशी ओवेनने पुढे केलेल्या चेंडूवर मात्र अकराही सह्या आहेत.

त्याने तो केसाळ अस्तराच्या हातमोज्यात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. उजेड लागला नाही, हाताळणी झाली नाही, त्यामुळे शाई टिकली. 2018 मध्ये तो लिलावात 6 लाख 23 हजार 369 डॉलरला गेला.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यामागचा हिशेब त्याहून विलक्षण आहे. वॉल्टर जॉन्सन डिसेंबर 1946 मध्ये वारला. म्हणजे या अकरा जणांच्या सह्या एका चेंडूवर घेण्याची मुदत होती जेमतेम साडेसात वर्षे, आणि ते सगळे एका जागी सापडण्याची संधी खरे तर तो एकच दिवस. त्या दिवशी तिथे माणसे पुष्कळ होती. ज्याला चेंडू पुढे करायचे सुचले आणि नंतर तो जपायचेही सुचले, त्याचे श्रेय मोठे. सह्या करणाऱ्यांच्या महतीत हे श्रेय झाकले जाते, हे काही बरोबर नाही.

चेंडूवर खेळाडूची सही घ्यायची रीत तशी उशिराची. एकोणिसाव्या शतकात सामन्याचा चेंडू विजेत्या संघाला मिळे. त्याला सोनेरी रंग देऊन वर संघांची नावे, तारीख आणि निकाल लिहिण्याची पद्धत होती. सही महत्त्वाची ठरेपर्यंत बेसबॉलची पहिली पिढी निघून गेली होती. क्रिस्टी मॅथ्यूसनसारखा 373 सामने जिंकलेला पिचर 7 ऑक्टोबर 1925 रोजी क्षयाने गेला; त्याच्या एकट्याच्या सहीचा चेंडू म्हणजे दुर्मिळातला दुर्मिळ. उलट बेब रूथने आयुष्यभर सह्या वाटल्या, त्यामुळे त्याचे चेंडू पुष्कळ आहेत आणि खोटेही त्याच्याच नावाचे अधिक.

खऱ्या-खोट्याचा निवाडा करताना जाणकार आधी सही पाहत नाहीत, चेंडू पाहतात. अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचे नाव छापलेले असे. अमेरिकन लीगच्या चेंडूवर 1927 पर्यंत बॅन जॉन्सन, मग अर्नेस्ट बर्नार्ड आणि 1931 पासून विल्यम हॅरिज. नॅशनल लीगच्या चेंडूवर जॉन हेडलर आणि 1934 च्या अखेरीस सूत्रे घेतलेला फोर्ड फ्रिक. जायंट्सचा दरारा असलेला मॅनेजर जॉन मॅग्रॉ फेब्रुवारी 1934 मध्ये वारला. तेव्हा फ्रिकच्या नावाच्या चेंडूवर मॅग्रॉची सही कितीही झोकदार असली, तरी ती मेलेल्या माणसाने केलेली असणार! शिवणही बोलते. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन लीगचा चेंडू लाल-निळ्या दोऱ्याने शिवलेला असे, नॅशनल लीगचा लाल-काळ्या. पुढे दोन्हीकडे फक्त लाल दोरा आला. कातडेसुद्धा 1974 पर्यंत घोड्याचे होते, त्यानंतर गाईचे.

मग शाई. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आले ते 29 ऑक्टोबर 1945 रोजी, न्यूयॉर्कच्या गिम्बेल्समध्ये, साडेबारा डॉलरला एक. यांकीजचा फलंदाज लू गेरिग 2 जून 1941 रोजी गेला. गेरिगच्या नावाची बॉलपेनची सही समोर आली की पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. खऱ्या सहीत फाउंटन पेनची शाई कातड्यात मुरलेली असते. चेंडूच्या गोलाईवर निब किंचित अडखळते, एखाद्या अक्षराशी शाईचा ठिपका साचतो. भिंगाखाली तो अडखळलेला फराटा पाहण्यात जो आनंद आहे, तो कुठल्याही प्रमाणपत्रात नाही.

जुन्या काळी कित्येकांनी सह्या टिकाव्यात म्हणून चेंडूवर शेलॅकचा हात फिरवला. हे शेलॅक म्हणजे आपली लाख. किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर तयार केलेली, आणि तेव्हा जगाला ती मुख्यतः भारतातून जाई. सह्या वाचल्या, पण वर्षे गेली तसा लेप पिवळा, मग तपकिरी होत गेला आणि चेंडू मधाच्या रंगाचे झाले. संग्राहक अशा चेंडूंना नाके मुरडतात, किंमतही पडते. हे अन्यायाचे आहे. ज्याने तो लेप लावला त्याला विकायचे नव्हते, जपायचे होते.

याच लेपाचा पुढे गुन्ह्यासाठी उपयोग झाला. कॅलिफोर्नियातल्या ग्रेग मरीनोचा हात असा तयार होता की रूथ, कॉब, गेरिग कुणाचीही सही तो झरझर ओढी. त्याची टोळी चेंडू जुने दिसावेत म्हणून त्यांना शेलॅक लावी आणि कुबट वास यावा म्हणून कुत्र्याच्या सुक्या खाण्यात पुरून ठेवी. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने तपास केला आणि 13 ऑक्टोबर 1999 रोजी एकाच वेळी अनेक ठिकाणी छापे घातले. सापडलेल्या मालात मदर टेरेसांच्या सहीचा बेसबॉलही होता. यात खरा दोष नुसत्या हाताचा नाही. या मालाबरोबर अस्सलपणाची प्रमाणपत्रे दिली जात होती आणि लोक चेंडू न पाहता कागद पाहत होते.

सगळ्याच परक्या हाताच्या सह्यांना मात्र बनावट म्हणून झटकता येत नाही. क्लबहाउसमधली कामाची पोरे कंटाळलेल्या ताऱ्यांच्या सह्या स्वतःच ठोकून देत. तशा सह्यांचे संघ-चेंडू, म्हणजे अख्ख्या संघाच्या सह्यांचे चेंडू, ढिगाने आहेत. ज्यो जॅक्सनची गोष्ट निराळी. 1919 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या लाचेच्या प्रकरणात आजन्म बाद झालेल्या या थोर फलंदाजाला लिहिता-वाचता येत नव्हते. सही मोठ्या कष्टाने करी, म्हणून बहुतेक वेळा बायको केटीच त्याच्या नावाने सही करत असे. त्याच्या स्वतःच्या हातची 1911 मधली सही असलेले एक छायाचित्र 2021 मध्ये 14 लाख 70 हजार डॉलरला गेले. केटीच्या हातची सही बाजाराने कमी लेखली, तरी ती त्या घरातलीच आहे.

आता मॅनेजरांच्या सह्या. दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात त्या जागेला संग्राहक ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, आणि संघ-चेंडूवर ही जागा रीतीप्रमाणे मॅनेजरची. कॉनी मॅकने 1901 ते 1950 अशी पन्नास वर्षे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स चालवले आणि मॅनेजर म्हणून संपूर्ण कारकिर्दीत 3731 सामने जिंकले. गणवेश न घालता सूट घालून डगआउटमध्ये बसणाऱ्या या माणसाची सही स्वच्छ, वाचता येणारी, आणि भरपूर मिळणारी.

मिलर हगिन्सची तशी मिळत नाही. साडेपाच फुटांचा हा कायद्याचा पदवीधर 1918 पासून यांकीजचा मॅनेजर होता. 1925 च्या ऑगस्टमध्ये त्याने बेशिस्तीबद्दल खुद्द रूथला 5000 डॉलर दंड करून निलंबित केले. रूथ चवताळून मालक जेकब रूपर्टकडे गेला. रूपर्ट हगिन्सच्या पाठीशी उभा राहिला आणि रूथला नमते घ्यावे लागले. दोन वर्षांनी याच संघाने 1927 चा तो सुप्रसिद्ध हंगाम गाजवला, रूथने 60 होमरन मारले. त्या वर्षाच्या चेंडूंचे लिलाव आजही रूथ आणि गेरिग यांच्या नावांवर चढतात; त्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या माणसाचे नाव वर्णनात कुठेतरी मागे येते.

25 सप्टेंबर 1929 रोजी, हंगाम संपण्याआधीच, हगिन्स वारला. यांकी स्टेडियममध्ये पहिले स्मारक उभारले गेले ते त्याचे, 1932 मध्ये. पण हॉल ऑफ फेमला तो दिसला 1964 मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत त्याच्या एकट्याच्या सहीचा चेंडू वेगळा काढून ठेवावा असे फारसे कुणाला वाटले नाही. आज हॉलमधल्या प्रत्येकाचा एकेक चेंडू जमवायला निघालेल्यांची गाडी त्याच्याशी येऊन अडते. रूथचे चेंडू हवे तितके मिळतात, त्याला दंड करणाऱ्याचा मिळत नाही.