चिन्हांचा कौल आणि आपला निर्णय

वैशाख लागला की विदर्भात एकच प्रश्न तोंडोतोंडी होतो : यंदा पाऊस कसा? इतवारीतल्या हमालालाही तो शेतकऱ्याइतकाच जिव्हाळ्याचा आहे. पीक बुडाले की बाजारात येणारी पोती घटतात आणि त्यांबरोबर त्याची मजुरीही. म्हणून भविष्य कळावे या इच्छेची आम्ही चेष्टा करीत नाही. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचे धान्य नाही, त्याने उद्याकडे डोळे लावले तर नवल ते काय?

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी याच इच्छेतून चालत आली आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्ये वर्तुळाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई इत्यादी पदार्थ, शिवाय पानसुपारी. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातील जाणते ही मांडणी वाचतात. ज्या महिन्याचे ढेकूळ भिजले त्या महिन्यात पाऊस. दाणे कसे हलले त्यावरून पीक. पानसुपारीवरून राजाचे, म्हणजे आता सरकारचे, भाकीत. ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात.

चीनमध्ये अशाच गरजेतून ‘ई-चिंग’ हा प्राचीन ग्रंथ झाला. त्यात एक अखंड रेघ व एक तुटक रेघ अशा दोनच खुणा आहेत. सहा रेघांची एक आकृती, अशा एकूण 64. प्रश्न मनात धरून काड्या मोजावयाच्या किंवा तीन नाणी सहा वेळा टाकावयाची, आणि निघेल ती आकृती वाचावयाची. अठ्ठेचाळिसावी आकृती विहिरीची. तिचा आशय असा, की गाव हलविता येते, विहीर हलविता येत नाही. पण दोर आखूड पडला किंवा घडा फुटला, तर विहिरीपाशी जाऊनही पाणी मिळत नाही.

समजा, पगारवाढीची चिंता वाहणाऱ्या कामगाराला ही आकृती आली. वाढ मिळेल की नाही, हे ती सांगत नाही. पण तो शहाणा असेल तर आपला दोर तपासू लागेल : सभासद किती? वर्गणी जमली काय? मागणीचे कागद पुरे आहेत काय? येथवर चिन्हाचा उपयोग आम्हांस मान्य आहे. मात्र हे शहाणपण नाण्यांतले नव्हे, विचारणाऱ्याचे आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील चिनी विचारवंत शून त्झू याचेही मत हेच, की हा ग्रंथ ज्याला नीट उमगला तो शकुन पाहत बसत नाही.

भेंडवळच्या ढेकळांचेही तसेच. घागर त्यांच्यावरच ठेवलेली. पाणी झिरपेल तिकडचे ढेकूळ भिजेल. दाणे वारा हलवील, मुंग्या नेतील. त्यांना सप्टेंबरच्या ढगांची खबर कोठून असणार? अठरा पिके आणि चार महिने यांबद्दल इतकी विधाने केली, की काही खरी ठरणारच. खरी ठरलेली लक्षात राहतात, बाकीची विसरतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या भाकितांना उघड आव्हान दिले आहे, ते याच कारणासाठी.

हवामान खातेही चुकते, असे कोणी म्हणेल. चुकते खरे. भारतात मान्सूनचे शासकीय अंदाज 1886 पासून निघत आले. परंतु तेथे अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस यांचा मेळ घालता येतो, चूक सापडते आणि रीत सुधारता येते. कृषी खात्याचा सल्ला तर त्याहून साधा : 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. कर्जाचे बियाणे भाकितावर विसंबून मातीत टाकले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसतो. घट काही तो भरून देत नाही.

आमच्या चळवळीतही ‘कौल’ हा शब्द आहे. संपापूर्वी आम्ही नाणे उडवीत नाही. सभेत हात मोजतो. कारण ज्यांच्या चुली बंद पडणार, त्यांनीच तो कौल दिला पाहिजे. घट जरूर पाहावा, नाणीही टाकावीत. त्यांतून मनात आलेला प्रश्न घरी आणावा. उत्तर मात्र घरातल्या माणसांना विचारून, हिशेबाची वही उघडून ठरवावे.