पाय गेले, तरी हृदय राखा

आजाऱ्यांना पवित्र कम्युनिअन देण्यास घरोघर जाताना माडावरून वा आंब्यावरून पडून कणा दुखावलेला एखादा कर्ता पुरुष भेटतो. ‘देवाने जीव राखला, हेच पुष्कळ,’ असे म्हणून घरची माणसे त्याला खाटेवर निजवून प्रेमाने गोडधोड भरवीत असतात. ही माया खरी. परंतु तिच्या पोटी एक धोका दडलेला आहे.

पूर्वी अशा रुग्णांना शय्याव्रण व मूत्रमार्गाचे रोग लवकरच गाठीत. १९४४ साली इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुट्मान यांनी नवी शुश्रूषा आरंभिली. अशा उपचारांनी त्यांचे आयुष्य लांबले. आता मात्र हृदयविकार हा त्यांचा एक मोठा शत्रू ठरला आहे.

ह्याचे कारण साधे आहे. हालचाल थांबली की पायांचे स्नायू झिजतात व काही आठवड्यांतच तेथील रक्तवाहिन्या अरुंद होतात. अंगी चरबी साठते, मधुमेह जवळ येतो. इजा मानेत वा छातीच्या वरच्या भागात असल्यास हृदय बिघडूनही छातीत कळ येईलच, असे नाही.

अशा रुग्णाचे डोके एकाएकी ठणकू लागले, तोंड लाल होऊन घाम सुटला, तर रक्तदाब भडकला असे समजावे. तुंबलेले मूत्र, बद्धकोष्ठ किंवा व्रण हे बहुधा त्याचे मूळ असते. त्याला आडवे न ठेवता बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे सैल करावेत, मूत्राची नळी मुडपली आहे काय ते पाहावे आणि तत्काळ डॉक्टरांना बोलवावे.

एरवी डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून तीन वेळा, अर्धा अर्धा तास, दम लागेल असा हातांचा व्यायाम करावा. विडी-तंबाखू सोडावी, रक्तदाब व साखर वेळोवेळी तपासून घ्यावी.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे पाय १९५४ च्या मोटार-अपघातात लुळे पडले. तरीही चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचे कार्य उभारले.

शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याच्या चौघा सोबत्यांनी नुसती हळहळ केली नाही. छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे नेले. आपणही येत्या रविवारी मिठाईचा पुडा नेण्याऐवजी त्या बंधूची खुर्ची अंगणात आणावी आणि चाके त्याची त्यालाच फिरवू द्यावी.