शंभर वॅटांची सनद

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकास, जेथे पर्जन्याचे औदार्य सरते आणि घरादारांत मराठीच्या जोडीने कन्नडही नांदते, त्या डफळ्यांच्या जुन्या संस्थानी मुलुखात, जत तालुक्यातील जालिहाळ बुद्रुक येथे, येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचे ‘येरळावाणी’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’चे ९०.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र त्याच कुळातले.

अशा केंद्रांस मुळात जन्मच दुर्मिळ होता, कारण तारायंत्रासाठी केलेला १८८५ चा कायदा नभोवाणीसही लागू होऊन प्रक्षेपणाचा मक्ता सरकारकडे राहिला होता. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्यात होते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने दिला. तरी धनी बदलल्याचा प्रत्यय खेड्यास येण्यास अवकाश लागला. २००२ च्या धोरणाने केवळ शिक्षणसंस्थांस परवाना दिला, आणि निदान तीन वर्षे लोकसेवा केलेल्या स्वयंसेवी संस्थांस हे दार नोव्हेंबर २००६ मध्ये उघडले.

दार उघडले खरे, परंतु उंबरठे अनेक. माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे केलेला अर्ज गृह व संरक्षण या खात्यांची दफ्तरे हिंडून येतो, मग आशयपत्र, मग लहरीची नेमणूक, मग पंचवीस हजार रुपयांची बँकहमी आणि करारनामा. शक्ती सामान्यतः शंभर वॅट, मनोरा जमिनीपासून तीस मीटरच्या आत. म्हणजे आवाज पाच-पंचवीस गावांपुरताच पोहोचावा, हा हेतू स्पष्ट आहे. २०१२ साली लहरीचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकाएकी ९१,००० वर नेण्यात आले आणि देशभरातील केंद्रांनी ओरड केल्यावर तो हुकूम मागे घ्यावा लागला, यावरून या संस्थांची जमाखर्चाची वही किती पातळ असते ते कळावे.

सर्वच शर्ती जाचक आहेत असे मात्र नव्हे. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत, आणि ते शक्यतो तेथल्या भाषेत व बोलीत असावेत, हे कलम जतसारख्या द्विभाषी सीमाप्रदेशास वरदानच होय; ज्या बोलीस मोठ्या केंद्रांच्या निवेदनात स्थान नाही, तिला येथे कायद्यानेच आसन दिले आहे.

खरी अडचण वार्तेची. पाणीपुरवठ्याची सूचना, हवामान, रोगराईचा इशारा ही माहिती ठरते आणि तिला मुभा आहे. वृत्त व चालू घडामोडी मात्र वर्ज्य. ज्या तालुक्याचे सारे राजकारण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याभोवती फिरत आले, तेथे ही सीमारेषा कोठे आखावी? पाणी कोणत्या दिवशी येणार, हे सांगणे माहिती; ते का आले नाही, हे विचारणे वृत्त. आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा, अथवा स्थानिक बोलीत उतरवून ऐकविण्यास आडकाठी नाही. म्हणजे दिल्लीची वार्ता जतला सांगता येते, जतची वार्ता जतला सांगता येत नाही. आणि नभोलहरींचे धनी लोक आहेत हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर, या विसंगतीचा खुलासा करण्याची जबाबदारी अर्जदारावर नसून परवाना देणाऱ्यावर आहे.