द्वैतवादातील सीमारेषा

‘द्वैत’ हा शब्द मराठी वाचकास इतका परिचित आहे की, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील ‘ड्युअलिझम’ या संज्ञेसाठी त्याची योजना करताना कोणास फारसा विचार करावा लागला नसावा. अडचण नेमकी तेथेच आहे. परस्परांत विलीन न होणारी दोन मूलतत्त्वे मानणे, एवढेच सर्व द्वैतवादांत समान असते. ती दोन कोणती आणि त्यांमधील सीमारेषा कोठून जाते, हे संज्ञेवरून कळत नाही.

युरोपातही ही संज्ञा फार जुनी नाही. थॉमस हाइड याने १७०० मध्ये प्राचीन इराणी धर्मावर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात सत् आणि असत् अशा दोन शक्ती मानणाऱ्यांस उद्देशून ती आली. आत्मा व शरीर यांच्या भेदास ती लावली क्रिस्टियान वोल्फ याने, १७३४ च्या सुमारास. ज्याला आज द्वैतवाद्यांचा अग्रणी म्हणतात तो देकार्त १६५० मध्येच निवर्तला होता.

देकार्तच्या मते द्रव्ये दोन प्रकारची: विचार हा ज्याचा धर्म ते एक आणि विस्तार हा ज्याचा धर्म ते दुसरे. संशय, इच्छा, कल्पना, इतकेच काय, वेदनेची जाणीवही पहिल्याच्या पदरात पडते. ज्याला विस्तारच नाही ते विस्तृत शरीरास गती कसे देते, हा प्रश्न बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये पत्राने विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर तिला मिळाले, असे तिच्या पुढील पत्रांवरून वाटत नाही.

आता सांख्यांकडे वळावे. पुरुष आणि प्रकृती ही तेथील दोन तत्त्वे होत. ‘पुरुष म्हणजे मन आणि प्रकृती म्हणजे जड’ असे समीकरण उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळते. ते साफ चुकीचे आहे. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांत बुद्धी, अहंकार व मन ही तिन्ही प्रकृतीपासून उद्भवणारी, म्हणून अचेतनच होत. विचार करणे, निश्चय करणे, ‘मी’ म्हणणे हा सारा व्यापार प्रकृतीचा; पुरुष केवळ साक्षी. देकार्तने सीमेच्या एका बाजूस ठेवलेले बहुतेक सर्व काही सांख्य उचलून दुसऱ्या बाजूस ठेवतात. पुरुष-प्रकृतींच्या संयोगाची अडचण मात्र त्यांनाही चुकलेली नाही. पांगळा आणि आंधळा यांचा दृष्टान्त ईश्वरकृष्णाने त्यासाठीच योजिला; परंतु पांगळा वाट सांगतो आणि उदासीन पुरुष काहीच सांगत नाही, ही त्यातील उणीव टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

मध्वाचार्यांचे द्वैत याहूनही निराळे. त्यांची मूळ विभागणी स्वतंत्र व परतंत्र अशी आहे: विष्णू स्वतंत्र, जीव आणि जड दोन्ही परतंत्र. देकार्तची सीमारेषा येथे परतंत्राच्या पोटातला एक उपभेद होऊन बसते.

तेव्हा ‘मन-शरीर-द्वैत’ हा रूढ अनुवाद सोयीचा असला तरी धोक्याचा आहे, कारण ‘मन’ या शब्दामागे सांख्यांचे सारे ओझे आहे. निदान प्रथमोल्लेखी तरी ‘चिंतक द्रव्य व विस्तृत द्रव्य’ असे म्हणावे. भौतिकीतील प्रकाशाच्या कण-तरंग स्वरूपास द्वैत म्हणण्याचे तर कारणच नाही. तेथे तत्त्वे दोन नसून एकाच वस्तूचे दोन प्रकारचे वर्तन आहे, ‘द्विरूपता’ पुरे.

भाषाशास्त्रातही हाच घोटाळा होतो. सोस्यूरच्या १९१६ मध्ये, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील चिन्हक व चिन्हित ही जोडी ध्वनी व अर्थ, म्हणजेच देह व आत्मा, अशी समजली जाते. परंतु सोस्यूरचे चिन्हक म्हणजे हवेतील ध्वनी नव्हे, तर त्याची मनातील प्रतिमा होय. जोडीतील दोन्ही अंगे मानसिकच आहेत आणि कागदाच्या दोन बाजूंप्रमाणे ती वेगळी कापता येत नाहीत. संस्कृत काव्यशास्त्रातील आत्म्याचे रूपक येथे आठवणे स्वाभाविक आहे. पण तेही या समजुतीस आधार देत नाही. तेथे शब्द आणि अर्थ मिळून काव्याचे शरीर होते. आत्मा म्हणून वामनाने रीतीकडे बोट दाखविले, आनंदवर्धनाने ध्वनीकडे. आनंदवर्धनाचा हा ‘ध्वनी’ कानाला ऐकू येणारा नाही, हे तर वेगळे सांगावयास नकोच.