युद्ध मोझांबिकचं, तोडगा रोमचा!

मोझांबिकमध्ये १९७७ पासून फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर लढत होते. सुमारे दहा लाख माणसं गेली. बोलणी जुळवली कुणी? रोममधल्या सांत एजिदिओ या कॅथलिक सेवाभावी संस्थेनं! १९९० मध्ये चर्चा सुरू झाली. मध्यस्थ चौघे: संस्थेचे दोघे, मोझांबिकचे एक आर्चबिशप आणि इटली सरकारचा प्रतिनिधी. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे धाकामा यांनी करारावर सह्या केल्या.

खरी कसोटी पुढेच होती. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेनं (तिच्यात भारतीय जवानही होते!) दोन्हीकडच्या सैनिकांची शस्त्रं उतरवून घेतली, १९९४ मध्ये निवडणूकही पार पडली. नुसत्या सह्यांनी युद्ध थांबत नाही, अंमलबजावणीला पहारा लागतो.